सरकारी पगारावर काडी लावणारी

आमच्या आत्याचं काम आग लावायचं. सरकार तिला त्याचा पगार देतं, शिवाय गणवेश, जाड बूट आणि वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी. घरी कोणी नवा माणूस आला आणि बहीण काय करते असं विचारलं, की माझे वडील गंभीर चेहऱ्याने सांगतात, "काड्या लावते. आधी घरात फुकट लावायची, आता खात्यात पगारी लावते." आत्याला हा विनोद पाठ झालाय. "तुझ्या लग्नात एकच लावली होती," ती म्हणते, "ती अजून धुमसतेय." मग आई आतून बजावते की भावाबहिणीच्या भांडणात मला ओढू नका.

तुकडीतले लोक तिला काडीताई म्हणतात. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की समोरच्या टेकडीवरच्या माणसाने वळून बघावं. तो आवाज तिने नोकरीतच कमावला. सुरुवातीला ती जंगलखात्याच्या कचेरीत वायरलेसवर बसायची. आबा, म्हणजे तिचे वडील आणि माझे आजोबा, तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या टेहळणी मनोऱ्यावर होते. धूर दिसला की आबा वरून कळवायचे, आत्या खालून गाड्या पाठवायची. कामावर ती त्यांना 'मनोरा' म्हणायची आणि ते तिला 'कचेरी'. घरी जेवताना वाद झाला तरी आबांच्या तोंडून निघून जायचं, "कचेरी, आवाज खाली."

मी शाळेत होते तेव्हा मोठा वणवा आला. दुपारपर्यंत तो डोंगराच्या पलीकडे होता आणि पलीकडेच राहील असं सगळे धरून चालले होते. हवामानाचा अंदाज तेव्हा राजधानीतून यायचा, सगळ्या मुलखाला मिळून एकच. त्या दिवशीचा होता, 'वारे मध्यम, दिशा बदलती.' आत्याने तो वायरलेसवर वाचून दाखवला. थोड्या वेळाने वरच्या तुकडीच्या मुकादमाचा आवाज आला, "कचेरी, वारा फिरला." एवढंच. वारा फिरल्याची बातमी तिला आगीकडूनच कळली. गावाच्या कडेची लाकडाची वखार गेली, तिच्यामागची कामगारांची घरं गेली, बंबाच्या ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. जीव कोणाचा गेला नाही, पण ते निव्वळ नशीब होतं, आणि हे आत्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं.

"मी जे वाचून दाखवलं ते खोटं नव्हतं," ती नंतर वडिलांना म्हणाली. "पण त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता."

वखारीची राख गार व्हायच्या आत समिती बसली. आबा म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला." या वेळी मात्र झोपा खरोखर बांधला गेला. वेळ लागला, मधे एक सरकार बदललं, पण काम चालू राहिलं. जंगलात जागोजागी लोखंडी खांब उभे राहिले, त्यांवर वारा, ऊन आणि हवेतला ओलावा मोजणारी यंत्रं. आबा निवृत्त झाले आणि मनोऱ्यावर त्यांच्या जागी कॅमेरा बसला. जिल्ह्याच्या कचेरीत वणव्याचा अंदाज काढणारा वेगळा विभाग निघाला, आणि तो आता मुलखाचा नव्हे तर एकेका डोंगराचा अंदाज देऊ लागला. शेवटी कायदाही बदलला. थंडीच्या दिवसांत हवा बघून खात्याने स्वतःच जंगलाचे ठरावीक पट्टे जाळायचे. वाळलेलं गवत, पाचोळा, खालची झुडपं. मोठी झाडं शाबूत ठेवून. उन्हाळ्यात वणवा आलाच तर त्याच्या ताटात काही वाढलेलं असू नये, असा त्यातला हिशेब.

या कामासाठी तुकड्या भरायच्या होत्या. आत्याने नाव दिलं तेव्हा तिची चाळिशी उलटली होती.

"मी जन्मभर विझवली," आबा जेवताना म्हणाले, "आणि आता माझी लेक लावणार."

"तुम्ही एकूण एक विझवली, आबा, म्हणून तर एवढा पाचोळा साठला."

वाक्य खरं होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. आबांनी तिच्याशी अबोला धरला. तिला काही सांगायचं असलं की ते माझ्या आईला सांगायचे, तेही आत्या समोरच बसलेली असताना.

भरतीच्या परीक्षेत पाठीवर ओझं बांधून मैदानाला फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्या खेपेला ती थोडक्यात मागे पडली. मग तिने सिमेंटचं अर्धं पोतं पाठीला बांधून आमच्या गच्चीचा जिना चढायला-उतरायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना पोतं उचलून बघायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला शेवटच्या फेरीत परीक्षक म्हणाले, "बाई, धावायचं नाहीये, नुसतं चालायचंय." ती म्हणाली, "मी चालतेच आहे."

अंदाजाच्या विभागात एक तरुण बाई होती. हवामानशास्त्र शिकून आलेली, चष्मा डोक्यावर ठेवून सगळीकडे शोधणारी. आत्या तिला हवामानवाली म्हणते. दोघींची ओळख फोनवर झाली, तीही भांडणाने.

"मला सरळ सांग," आत्या म्हणाली, "उद्या लावू की नको?"

"ते मी नाही सांगू शकत, ताई. दुपारनंतर वारा फिरेल असं दिसतंय. असं दिसतं तेव्हा दहात सात वेळा फिरतो."

"आणि उरलेल्या तीन वेळा?"

"उरलेल्या तीन वेळा तुम्ही मला शिव्या द्या."

आत्याला ती पोरगी त्या क्षणी आवडली. आपला अंदाज किती चुकू शकतो हे आधीच सांगणारं माणूस तिने वायरलेसवर काढलेल्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढे दोघींचं छान जमलं. पट्टा जाळला की धूर कुठे गेला, किती वर चढला, खिंडीत कसा वळला ते आत्या कळवायची आणि हवामानवाली त्यावरून आपलं गणित सुधारायची. एकदा पहाटे दव पडलं होतं, म्हणून आत्या अडून बसली की पाचोळा ओला आहे, आज पेटायचा नाही. हवामानवाली म्हणाली, वरचा थर ओला असेल, खालचा नाही. नमुना भट्टीत सुकवून वजन केलं तर तिचंच बरोबर निघालं. आत्याने चहा पाजला आणि तेव्हापासून ती कुठेही गेली तरी आधी पाचोळ्यात मनगटापर्यंत हात खुपसते.

आमच्या गावाच्या डोक्यावरचा उतार जाळायची वेळ आली तेव्हा मात्र काम अवघड झालं. बाकीचे पट्टे लांबचे होते, हा खिडकीतून दिसणारा. उताराच्या मधोमध, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, एक कोरडा नाला आहे. नाल्याच्या अलीकडे नुसतं झुडपी रान, पलीकडे मधवाल्याच्या पेट्या आणि त्याची शेड.

शाळेच्या सभागृहात बैठक झाली. मधवाला उंच, सडपातळ माणूस, बोलणं त्याच्या मधासारखंच सावकाश. तो म्हणाला, "ज्या आगीला आपण घाबरतो, ती आपल्याच हाताने लावायची. हे शहाणपण मला तरी कळत नाही."

आत्या म्हणाली, "तुम्ही मध काढताना धूर करता ना?"

"करतो."

"कशासाठी?"

"माश्या शांत राहाव्यात म्हणून."

"मीही त्याचसाठी करते. डोंगर शांत राहावा म्हणून."

लोक हसले. मधवाल्याने हसणं संपू दिलं आणि मग विचारलं, "माझ्या माश्या मला ओळखतात. तुमचा डोंगर तुम्हाला ओळखतो का?"

आता लोक जास्त हसले. आत्याही हसली. "अजून नाही," ती म्हणाली, "ओळख करून घ्यायलाच जायचंय."

तिने हट्ट सोडला नाही आणि आवाजही चढवला नाही. घरोघर गेली. माझं औषधांचं दुकान आहे, तिथे येऊन म्हणाली की दम्याचे फवारे नेणाऱ्या सगळ्यांना त्या दिवसाबद्दल तू स्वतः सांग, माझ्याकडून ऐकलं तर घाबरतील. मी सांगितलं. गाणं शिकवणाऱ्या बाई आदल्या दिवशीच बहिणीकडे निघून गेल्या. शाळेने सुट्टी दिली. मधवाल्याने पेट्यांभोवतीचं गवत कापून घेतलं, पण मान काही डोलावली नाही.

त्या दिवशी सकाळी हवा अगदी सांगितल्यासारखी होती. माथ्यावर आधी गवताचा छोटा चौकोन पेटवून बघितला. धूर सरळ वर चढला आणि गावापासून लांब कलला. मग तुकडीने झाऱ्या उचलल्या. झारी म्हणजे नळीचा तेलाचा डबा. पेटतं तेल थेंबाथेंबाने गवतावर पडतं, बागेला पाणी घालावं तसं. आग वरून खाली, वाऱ्याच्या उलट चालवायची, म्हणजे ती मुंगीच्या पावलाने येते. आत्या तिच्यापुढे उलटं चालत होती, तान्ह्या पोराला चालायला शिकवावं तशी. जेवणवेळेपर्यंत नाल्याच्या अलीकडचा भाग काळा होऊन थंडही पडू लागला. आता पलीकडचा लावायचा, एवढ्यात हवामानवालीचा फोन आला.

"ताई, खिंडीतले खांब वेगळं दाखवायला लागलेत. वारा गावाकडे फिरेल, आणि संध्याकाळी नाही, त्याच्या आधीच. दहात सहा."

नेमकी त्याच दिवशी राजधानीची बडी मंडळी हा उपक्रम बघायला यायची होती. खात्याचे साहेब पायथ्याला त्यांची वाट बघत उभे होते. आत्याने वायरलेसवर काम थांबवल्याचं सांगितलं, तेव्हा ते धापा टाकत वर आले.

"पाहुणे पोचतच आलेत. त्यांना काय अर्धा डोंगर दाखवू?"

"अर्धा दाखवा, साहेब. आणि तो अर्ध्यावर कसा थांबवला तेही दाखवा."

"वारा तर अजून फिरलेला नाही."

"फिरल्यावर थांबता येत नाही."

तुकडीची प्रमुख आता आत्याच होती. नव्या नियमाप्रमाणे जागेवर जो तुकडी सांभाळतो त्याचा शब्द शेवटचा, आणि हा नियम साहेबांनीच मोठ्या हौसेने लागू केला होता. ते रुमालाने चेहरा पुसत खाली उतरले. पाहुणे आले, धुमसणारी काळी जमीन आणि चहा पिणारी तुकडी बघून गेले.

आणि वारा फिरलाच नाही. सूर्य मावळेपर्यंत आहे तसाच वाहत राहिला. दुपारभर निवांत काम करता आलं असतं.

गावाला आयतीच गंमत मिळाली. न्हावी म्हणाला, काडीताईने एका गालाची दाढी करून गिऱ्हाईक उठवलं. हवामानवालीने फोन केला तेव्हा तिचा आवाज पडलेला होता. "ताई, माझं चुकलं."

"तुझं कुठे चुकलं? तू दहात सहा म्हणाली होतीस, आज उरलेले चार आले," आत्या म्हणाली. "रस्त्यावर पोर दिसलं म्हणून ब्रेक दाबला आणि ते आडवं आलंच नाही, तर ब्रेक दाबणं चुकतं का?" हे ती माझ्या दुकानात उभी राहून बोलत होती आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं ऐकत होती. कदाचित त्यांच्यासाठीच बोलत असावी. शिव्या मात्र तिने दिल्या नाहीत.

त्यानंतर आधी पाऊस येऊन गेला, मग एकाएकी ऊन तापलं. योग्य हवा काही पुन्हा जुळून आली नाही. नाल्यापलीकडचा अर्धा उतार तसाच राहिला.

उन्हाळा निम्मा सरला असताना अंदाजाच्या विभागाने सगळ्यांत वरच्या पातळीचा इशारा दिला. दोन दिवसांनी माथ्यावरून गावाकडे कोरडा, गरम वारा सुटणार होता. या वेळी दहात नऊ. खात्याने जंगलातले रस्ते बंद केले, शेजारच्या जिल्ह्यातून बंब मागवले, पाणी टाकणाऱ्या विमानाला तयार राहायला सांगितलं. पूर्वी आग लागल्यावर ज्या गोष्टींसाठी फोन फिरायचे, त्या सगळ्या आता कुठे ठिणगीही नसताना दारात उभ्या होत्या. आबा तेवढ्यापुरतं आत्याशी थेट बोलले. "तहान लागायच्या आधी विहीर खणताहेत," ते म्हणाले. "हे मी कधी बघितलं नव्हतं."

आत्या मधवाल्याकडे गेली. "पेट्या हलवा. ट्रक आणलाय."

"मागच्या वेळी वारा फिरणार होता, तो फिरला नाही," तो म्हणाला. "आता आग लागणार आहे. ती तरी लागेल का?"

"नाही लागली तर पेट्या मी स्वतः परत आणून देईन."

त्याने एकदा डोंगराकडे बघितलं. मग म्हणाला, "संध्याकाळी या. माश्या घरी परतल्याशिवाय पेटी हलवता येत नाही." संध्याकाळी आत्याची तुकडी आणि तो, सगळ्यांनी मिळून पेट्या ट्रकवर चढवल्या. दोन जणांना माश्या चावल्या, आत्या त्यांतली एक.

सांगितलेल्या दिवशी दुपारी डोंगरापलीकडे विजेची तार तुटून गवतावर पडली. आबा दुर्बीण घेऊन आमच्या गच्चीवर बसलेलेच होते. माथ्यामागे धुराची रेघ दिसताच त्यांनी कचेरीत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आजोबा, कॅमेऱ्याने आत्ताच दाखवलं. गाड्या निघाल्यासुद्धा." आबांनी फोन ठेवला. मला वाटलं, दुखावले असतील. पण ते म्हणाले, "माझ्या आधी. बरं झालं, माझ्या आधी."

वणवा माथ्यावरून अलीकडे उतरला तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. झाडांच्या वर ज्वाळा होत्या आणि आवाज असा, जणू कोणी जाड कापड सतत फाडतंय. नाल्याच्या अलीकडे, थंडीत जाळलेल्या जमिनीवर आला आणि गुडघ्याएवढा झाला. इकडे तिकडे गवताची पाती चाटली आणि बसला. त्या बाजूला नुसती पाठीवरच्या पंपांची माणसं पुरली. बाकी सगळे बंब, सगळी माणसं नाल्यापलीकडे नेता आली. कारण तिकडे आग पूर्ण उंचीने खाली येत होती.

आत्या त्या बाजूच्या पायथ्याशी कच्च्या रस्त्यावर होती. रस्त्यामागे गाव. समोरून येणाऱ्या आगीला रस्ता अडवणार नव्हता, तो फार अरुंद होता. रस्त्याच्या वरच्या कडेला आपणच आग लावून ती वणव्याकडे पाठवायची, म्हणजे दोन्ही आगी भेटेपर्यंत मधलं सगळं जळून जाईल, हा एकच मार्ग होता. पण वारा असाच राहिला असता तर लावलेली आग उलटून गावावर आली असती.

"थोडा वेळ वारा पडेल," फोनवर हवामानवाली म्हणाली. "मग पुन्हा वाढेल. मधे फट आहे, फार मोठी नाही."

साहेब वायरलेसवर होते. "काडीताई, खात्री आहे?"

"दहात सात, साहेब."

ते म्हणाले, "शब्द तुमचाच."

आत्या सांगते की त्या वेळी तिला भीती नव्हती असं नाही. गालावरचं वारं मंदावलं, राखेचे कण तिरपे पडायचे ते सरळ पडू लागले, आणि तिने झारी तिरकी केली. तुकडी दोन्ही बाजूंना पांगली. लावलेली आग आधी घुटमळली. मग मोठ्या वणव्याने तिला आपल्याकडे ओढून घेतलं, मोठी आग हवा ओढते तशी. उतारावर दोन्ही भेटल्या, ज्वाळा एकदम आभाळाला लागल्या आणि तिथेच संपल्या. वारा पुन्हा वाढला तेव्हा त्याला पेटवायला तिथे काही नव्हतं.

मधवाल्याची शेड गेली. नाल्यापलीकडची कितीतरी झाडं शेंड्यापर्यंत करपली, ती अजून उभी आहेत, काळी. गावातलं एकही घर गेलं नाही, आणि कोणाला फुंकर घालण्याएवढंही भाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले की त्यांना तो अंदाजाचा विभाग बघायचाय. आत्या घेऊन गेली. हवामानवालीने त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर एकेक डोंगर दाखवला. आबांनी कितीतरी प्रश्न विचारले, त्यातल्या निम्म्यांना ती 'ते अजून आम्हाला कळत नाही' असं उत्तर देत होती. परत येताना ते आत्याला म्हणाले, "पोरगी हुशार आहे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणते." मग म्हणाले, "तुझं पाचोळ्याचं बोलणंही बरोबर होतं. पण जेवताना बोलायचं नव्हतं."

पुढच्या थंडीत करपलेल्या भागाच्या कडेच्या पट्ट्यासाठी पुन्हा बैठक बोलावली, तर ती चहा संपायच्या आधीच आटोपली. मधवाल्याने एकच गोष्ट विचारली, पेट्या कुठल्या संध्याकाळी हलवायच्या. या खेपेला पट्टा पूर्ण जळला. धूर सांगितलेल्या वाटेने गेला आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी खिडक्या लावून शिकवणी घेतली.

आता दुसरे जिल्हेही अशा तुकड्या उभ्या करताहेत आणि शिकवायला आत्याला बोलावतात. या आठवड्यात ती अशाच एका गावी गेली आहे. काल फोन आला होता. तिथली माणसं पाचोळ्यात हात घालायला बिचकतात, म्हणाली, पण दोन दिवसांत घालतील. हवा चांगली आहे, परवा सकाळी लावायचंय.